पाठाची कोंबडी

आमच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठ आधी द्यायचा आणि मग खायचा, अशी पद्धत होती. हे आजच्या मुलींना सांगितलं की म्हातारी बरळायला लागली अशा नजरेनं त्या एकमेकींकडे बघतात, म्हणून नीट बैजवार सांगते. नगरहून भिंगारकडे जाताना लिंबाच्या झाडांत दडलेला एक जुना बंगला होता. त्यात आमचं बायकांचं ट्रेनिंग कॉलेज, मागच्या कौलारू चाळीत आमचं बोर्डिंग, आणि त्याच आवारात एक लहान मुलांची सरावशाळा. न्हावी जसा नव्या पोराचा हात बसवायला एखादं गरीब डोकं देतो, तशी ती सरावशाळेतली पोरं आम्हाला दिलेली होती. त्यांच्यावर पाठ घेऊन घेऊन आम्ही मास्तरणी व्हायचं. या पाठांत वस्तुपाठ म्हणून एक प्रकार असे. ज्या वस्तूचा पाठ, ती वस्तू वर्गात हजर पाहिजे. चित्र चालायचं नाही, तोंडी वर्णन तर नाहीच नाही. गाजराचा पाठ असला तर गाजर पाहिजे, तेसुद्धा पाल्यासकट. पोरांनी ते हातात घ्यायचं, हुंगायचं, फोड चाखायची, आणि पाठ संपला की उरलेली वस्तू ओच्यात घालून बोर्डिंगच्या सैपाकघरात न्यायची.

ते लढाईचे दिवस होते. रेशनची लाल ज्वारी यायची, तिची भाकरी थापतानाच कडेनं फाटायची. आमटीत डाळ शोधायला गेलेला डाव परत येत नाही, असं खातून म्हणायची. ही खातून भिंगारच्या एका शिंप्याची मुलगी, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. मी सोनईची. आमचे वडील तिथल्या ख्रिस्ती वस्तीतल्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे मला शिकवण्याची आवड जन्मतःच असणार असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. मला आवड होती खाण्याची. आणि बोर्डिंगात मी एकटी तशी नव्हते. पाठाचे विषय आम्ही पोटाला विचारून निवडायचो. पेरू, ऊस, भुईमूग, हुरडा, कैरी, रताळं हे विषय पुन्हा पुन्हा यायचे. एका मुलीनं साबणाचा पाठ घेतला तर तिच्याशी आठवडाभर कोणी धड बोललं नाही. दुसरीनं दगडांचे प्रकार घेतले. तिला आम्ही कॉलेज सुटेपर्यंत माफ केलं नाही. सरावशाळेतली पोरंही काही कमी नव्हती. वर्षानुवर्षं पाठ खाऊन ती इतकी तयार झाली होती की नवी मास्तरीण वर्गात शिरली की तिच्या तोंडाकडे कोणी बघायचं नाही, सगळ्यांच्या माना पिशवीकडे वळायच्या. पुढच्या बाकावरचा एखादा हात वर करून म्हणायचा, "बाई, वास पेरूचा येतो आहे." त्यांना पूर्ण वाक्यात उत्तर द्यायची सवय लावलेली होती.

पण ह्या 'वास पेरूचा येतो आहे'नं पाठाचं वाटोळं व्हायचं, कारण आमच्या मोठ्या बाईंचा एक नियम होता. मोठ्या बाई म्हणजे कॉलेजच्या मुख्य. पांढरं लुगडं, गोल चष्मा, आणि चालताना चपलेचा आवाज नाही, त्यामुळे त्या मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. त्या म्हणायच्या, "मुलांना सांगू नका, त्यांच्याकडून काढून घ्या." पेरूचा पाठ असला तरी पेरू हा शब्द मास्तरणीनं आधी उच्चारायचा नाही. तीन प्रश्न असे विचारायचे की तिसऱ्या प्रश्नाला पोरांच्या तोंडून पेरू बाहेर पडला पाहिजे. मग आपण अगदी आश्चर्य वाटल्यासारखं करून म्हणायचं, "शाबास, आज आपण पेरूविषयी माहिती मिळवू." पेरू पिशवीत, वास वर्गभर, आणि आपण मात्र विचारतोय, "झाडाला काय काय लागतं?" आता हसू येतं, पण तेव्हा ह्या तीन प्रश्नांपायी आम्ही रडलो आहोत.

सगळ्यात जास्त रडवलं ते सखूबाईला. सखूबाई काष्टीकडची, आम्हा पोरीटोरींपेक्षा बरीच मोठी, तिशीच्या आसपासची असेल. हाडापेरानं भक्कम, पाण्याची घागर एका हातानं उचलून कडेला घ्यायची. माहेरी सातवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन गेली, आणि नवऱ्यानं दुसरी आणली. हिला हाकलली आणि हिची पोरगी चंद्रा मात्र ठेवून घेतली. सखूबाई पोरीला न्यायला गेली तेव्हा सासू उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आधी तुज्या पोटाचं बघ. तुला शाळा मिळंल, पगार चालू व्हईल, त्या दिवशी ये आन् पोरगी ने. मी आडवी यायची न्हाई." हे तिनं चार पंचांसमोर म्हटलं होतं, म्हणून सखूबाईनं ते मनात गाठ मारून ठेवलं होतं. शाळा मिळायला सर्टिफिकेट पाहिजे, आणि सर्टिफिकेटासाठी शेवटचा पाठ परीक्षक साहेबांसमोर पास व्हायला पाहिजे. मागच्या वर्षी ती त्या पाठातच नापास झाली होती. आमच्या कॉलेजात दोनच खेपा मिळायच्या. ह्या खेपेला गेलं म्हणजे गेलंच.

मागच्या वर्षी झालं होतं असं, की विषय वांगं. सखूबाई वर्गात गेली, साहेबांना नमस्कार केला, पिशवीतून वांगं काढलं आणि म्हणाली, "पोरांनो, ह्ये वांगं." झालं. पाठ तिथंच संपला. साहेबांनी विचारलं, "बाई, तुमचे प्रस्तावनेचे प्रश्न?" तर ही नुसती उभी. साहेब उठून जाईपर्यंत ती वांगं हातात घेऊन तशीच उभी होती, असं जुन्या मुली सांगायच्या. मोठ्या बाई तिला पुन्हा पुन्हा समजावायच्या आणि तिचं म्हणणं एकच, "बाई, मला ठावं हाय ते वांगं हाय. पोरांनाबी ठावं हाय. मंग काढून काय घ्यायचं?" खरं सांगते, मला तेव्हाही तिचं म्हणणं पटायचं. आज पन्नास वर्षं पोरं शिकवून झाल्यावरही थोडंथोडं पटतं.

तिला तयार करायचं काम खातूननं आणि मी अंगावर घेतलं. काही फार उदार मनानं नाही. सखूबाईच्या हाताला चव होती. तिची सैपाकाची पाळी असली की तीच लाल ज्वारी, तीच आमटी, पण बोर्डिंगात कोणी ताटात टाकायचं नाही. तिच्या पाळीला आम्ही चुलीपाशी बसायचो आणि नियम केला की सखूबाईनं काही म्हणून सरळ सांगायचं नाही, सगळं आमच्याकडून काढून घ्यायचं. पहिल्या दिवशी तिला मीठ पाहिजे होतं. ती म्हणाली, "शांते, मीठ..." आणि थांबली. विळ्याच्या पात्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "समुद्राचं पाणी कसं असतं?" मी म्हटलं, "समुद्राचं पाणी खारट असतं." "ते खारट कशानं होतं?" "मिठानं होतं." "मंग ते फळीवरून कोन देईल?" खातून हसून हसून चुलीत पडायची बाकी राहिली. पण तेव्हापासून सखूबाईला नादच लागला. पाण्याची बादली पाहिजे असो, सरपण पाहिजे असो, ती आम्हाला प्रश्न घालायची. तेवढ्यात भाकरी करपायची. मोठ्या बाईंच्या पद्धतीनं आमच्या कितीतरी भाकऱ्या करपल्या, पण सखूबाई हळूहळू तयार होत गेली. फक्त एक भीती होती. अनोळखी माणूस समोर बसला की तिची वाचा बसायची, आणि साहेब तर अनोळखीच असणार.

परीक्षेच्या पाठाचे विषय मोठ्या बाईंनी चिठ्ठ्या टाकून दिले. मला आला करडईचा तेलबिया-पाठ, खातूनला मातीचं मडकं. सखूबाईला आली कोंबडी. बोर्डिंगात आनंदीआनंद झाला. त्यावर्षी इतका मोठा पाठ कोणाच्या वाट्याला आला नव्हता. खातूनच्या आईनं भिंगारहून एक तांबूस, गुबगुबीत कोंबडी धाडली. तिला आम्ही परसात डाल्याखाली ठेवली आणि ओळीनं तिला दाणे घालायला लागलो. आमच्यात दोन शाकाहारी बायका होत्या, त्यांची चूल वेगळी असे. त्यासुद्धा लांबून बघून जायच्या आणि "बाळसं धरलंय" म्हणायच्या. पाठ झाला की त्याच संध्याकाळी रस्सा, हे ठरलेलं होतं. सखूबाई मात्र कोंबडीसमोर उकिडवी बसून तिलाच प्रश्न विचारायची. "सकाळी आपल्याला कोन जागं करतं?" कोंबडी मान वाकडी करून ऐकायची.

पाठ सकाळचा पहिलाच होता. आणि आदल्या दिवशी, उन्हं कलायच्या सुमाराला, फाटकात टांगा येऊन उभा राहिला. साहेब. ते सकाळी यायचे होते, पण त्यांना पुढं श्रीगोंद्याला जायचं होतं म्हणून आदल्या सांजेलाच आले. भरघोस मिश्या, बंद गळ्याचा कोट, आणि अंगापिंडानं असे की टांग्यातून उतरल्यावर टांगा एकदम वर आला. मोठ्या बाईंची तारांबळ उडाली. एवढ्या कडक बाई, पण पाहुण्याच्या ताटात लाल भाकरी आणि पाणीदार आमटी कशी वाढायची, ह्या विचारानं त्यांचा चष्मा नाकावरून घसरायला लागला. त्या परसात आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि त्यांना डालं दिसलं.

"सखूबाई, आज तुमची पाळी ना? ही कोंबडी करा. चांगली झणझणीत करा. साहेबांना आठला जेवायला बसवू."

एवढं बोलून त्या गेल्यासुद्धा. चिठ्ठ्या त्यांनी स्वतः टाकल्या होत्या, पण त्या घटकेला त्यांच्या डोक्यात पाठ नव्हता, पाहुणा होता. मी सखूबाईला म्हटलं, "जा मागं. सांग त्यांना, ही पाठाची कोंबडी आहे म्हणून." ती हलेना. खातून म्हणाली, "तू नाही सांगत तर मी सांगते." तर सखूबाईनं तिचं मनगट धरलं. "पाव्हना दारात आलाय," ती म्हणाली. "त्याच्या ताटातली कोंबडी माजी हाय म्हनून मी अडवू? आमच्यात असं करीत न्हाईत, खातून. माज्या सासूनंबी कदी केलं न्हाई." मला तिचा इतका राग आला की मी बादली आपटली. अगं, साहेब काय उपाशी मरणार होता? तुझी पोरगी तिकडं अडकून पडलीय आणि तू पाव्हनचार करतेस? हे सगळं मी बोलले. ती ऐकत होती आणि विळा घासत होती. दुसरी कोंबडी आणायची तर फाटकाला दिवेलागणीला कुलूप पडायचं ते सकाळची प्रार्थना झाल्यावर उघडायचं, आणि प्रार्थना झाली की लगेच पाठ.

तिनं रस्सा केला. आणि कसा केला म्हणता? रागात असूनही माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खोबरं भाजलेलं, कांदा चुलीच्या विस्तवात खरपूस केलेला, जराशी खसखस कुठून पैदा केली होती देव जाणे. मोठ्या बाईंच्या खोलीत साहेबांचं पान मांडलं होतं. आम्ही दाराआड एकीवर एक उभ्या. साहेबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तंगडी गेली. दुसरी तंगडी गेली. सखूबाई पदर खोचून वाढत होती, वाटी रिकामी होऊ देत नव्हती. "आणखी आहे का?" साहेबांनी विचारलं. तिनं मानेचा तुकडासुद्धा वाढला. तिचा पाठ असा घासाघासानं संपत होता आणि आम्ही बघत होतो. खातून माझ्या कानात म्हणाली, "पंखसुद्धा नाही ठेवला मेल्यानं." जेवण झाल्यावर साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या कॉलेजात मुलींना हे शिकवता, हे फार उत्तम." मोठ्या बाई इतक्या खूष झाल्या की हसल्या.

सकाळी प्रार्थनेत मी काय म्हटलं असेल ते देवालाच माहीत. सखूबाई पांढरं पातळ नेसून वर्गात शिरली. एका हातात डालं, दुसऱ्या हातात झाकलेली टोपली. साहेब मागच्या बाकावर बसले होते आणि काडीनं दात कोरत होते. त्यांच्या शेजारी मोठ्या बाई, आणि भिंतीकडेनं आम्ही. सखूबाईनं डालं टेबलावर उपडं ठेवलं. पोरांच्या माना डाल्याकडे. ती सुरू झाली. सकाळी आपल्याला कोण जागं करतं, कोंबड्याबरोबर अंगणात कोण दाणे टिपतं, अंडं कोण घालतं. तिसऱ्याला कोंबडी बाहेर पडली. आवाज कापत होता, पण पडली. मग तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. आत पिसं होती, दोन पाय होते नखांसकट, आणि पोटातली पथरी चिरून ठेवलेली, त्यात बारीक खडे आणि ज्वारीचे दाणे. आम्हीच घातलेले ते दाणे. पोरं बाकावर चढून बघायला लागली. एकजण पायाची शीर ओढून पंजा मिटवत होता आणि उघडत होता, त्याला खाली बसवायला दोघं लागले.

तेवढ्यात साहेबांनी दात कोरायचं थांबवलं. "बाई, हे भाग ठीक आहेत. पण हा वस्तुपाठ आहे. वस्तू कुठे आहे? डाल्याखाली आहे ना?" आणि ते पुढं आले, त्यांनी स्वतःच्या हातानं डालं उचललं. खाली टेबल. "कोंबडी कुठे आहे, बाई?"

मोठ्या बाईंचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आधी काहीच नाही, मग त्यांनी एकदा टोपलीकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, आणि मग चष्मा काढून पुसायलाच घेतला. सखूबाई गप्प. वांग्याच्या वेळची तीच गप्प. हात लोंबकळलेले, नजर जमिनीवर. मला वाटलं, संपलं. चंद्रा राहिली तिकडंच. मी ओरडून सांगणार होते, खातूननं मला चिमटा काढला म्हणून राहिले. साहेब पुन्हा म्हणाले, "सांगा ना, बाई."

'सांगा' म्हटल्यावर तिनं मान वर केली. साहेबांकडे नाही, पोरांकडे बघितलं.

"मुलांनो," ती म्हणाली, "घरी पाहुणा आला म्हंजे आई काय करते?"

एक हात वर झाला. "घरी पाहुणा आला म्हणजे आई चहा करते."

"बरोबर. आन् पाहुणा लई मोठा असला तर?"

सगळेच हात वर. "पाहुणा मोठा असला तर आई कोंबडी कापते."

"शाबास. मग ती कोंबडी कुठं जाते?"

"ती कोंबडी पाहुण्याच्या पोटात जाते."

"आज आपल्या शाळेत मोठे पाहुणे कोण आले आहेत?"

माना हळूहळू टोपलीकडून साहेबांकडे वळल्या. पुढच्या बाकावरची एक शेंबडी मुलगी उभी राहिली, तिनं साहेबांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि नजर कोटाच्या मधल्या गुंडीवर ठेवून म्हणाली, "आज आपल्या शाळेत साहेब आले आहेत."

"मग सांगा बरं," सखूबाई म्हणाली, आता तिचा आवाज अजिबात कापत नव्हता, "कोंबडी कुठं आहे?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "कोंबडी साहेबांच्या पोटात आहे."

डालं साहेबांच्या हातातच होतं. ते त्यांनी फार सावकाश खाली ठेवलं. मिश्या हलल्यासारख्या वाटल्या, पण रागानं की कशानं ते मला कळेना. ते जाग्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "पाठ पुढं चालू द्या." सखूबाईनं पाठ पुरा केला. कोंबडीचे उपयोग विचारले तेव्हा कोणी कोंबडी खातात असं म्हणायला तयार होईना. साहेबांसमोर तो विषय पुन्हा काढू नये एवढी समज पोरांना होती. ती अंड्यांवरच थांबली.

नंतर ऑफिसात चर्चा झाली तेव्हा आम्ही खिडकीखाली बसलो होतो. मोठ्या बाई माफी मागायला लागल्या. चूक आपली आहे, मुलीची नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि त्यासाठी मला त्या कायमच्या आवडायला लागल्या. साहेबांनी त्यांना थांबवलं. "अहो, एक उत्तर त्या बाईनं स्वतः सांगितलं नाही. सगळं मुलांकडून काढून घेतलं. इतके क्रमवार प्रश्न मी ह्या जिल्ह्यात ऐकले नाहीत." मग म्हणाले, "आणि वस्तू नव्हती असं तरी मी कोणत्या तोंडानं लिहू? वस्तू उत्तम होती."

सखूबाई पास झाली. त्या संध्याकाळी रस्सा नव्हताच. आम्ही करडईची भाजी आणि लाल भाकरी खाल्ली, आणि खातूनचं मडकं कोणाला खाता येईना म्हणून त्यात पाणी भरलं. पुढं आम्ही तिघी तीन दिशांना गेलो. सखूबाईला श्रीगोंद्याकडं एक शाळा मिळाली, एका मास्तरणीची, देवळाच्या ओवरीत भरणारी. एकदा उन्हाळ्यात मी तिच्याकडं गेले तेव्हा ओवरीपुढं एक आठ-नऊ वर्षांची मुलगी केर काढत होती. माझ्याकडे बघून तिनं केरसुणी टाकली आणि ती आत पळाली. सखूबाईनं माझ्यासाठी कोंबडी केली. जेवताना मी विचारलं, "सासूनं सुखासुखी दिली का गं पोरगी?"

"कुटलं सुखासुखी," ती म्हणाली. "पगाराचा कागद दावला तरी उंबऱ्यात उभी. म्हनली, पोरीला इचार, ती येती का बघ, ती तुला वळखतबी न्हाई. मी वाटंनं जाताना प्रश्न जुळवीतच गेल्ते, शांते. अशी एकदम, तुजी आई म्या हाय, चल, असं सांगायचं न्हाई, तिच्याकडूनच काढून घ्यायचं. तीन प्रश्न तयार हुते." तिनं माझ्या ताटात रस्सा वाढला. मग पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं. "पहिला इचारला, बाळे, मी कोन हाय? तर ती आई म्हनून मला चिकटलीच की. पुढचे दोन तसेच राहिले."